बिडाचा नको

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात सगळ्यात जास्त चांदी झाली ती पेंटरांची. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. उस्मानाबाद’ होतं, ते पुसून सगळ्यांना ‘जि. लातूर’ लिहून हवं होतं. मीही माझ्या वर्कशॉपची पाटी रंगवून घेतली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण मला हौस दांडगी. मी आमच्या ओतकामावरही गावाचं नाव उठवायला लागलो. शेतीपंपाचा पंखा ओतला की त्याच्या मधल्या गोल भागावर ठळक अक्षरांत ‘लातूर’. पंपाच्या पोटात गरगर फिरून पाणी पुढं ढकलतो, तो हा पंखा. कॅटलॉगमध्ये त्याला इंपेलर म्हणतात. ती अक्षरं पंपाच्या पोटात कायमची बंद व्हायची, कुणाच्या बापाला दिसायची नाहीत. तरी मला बरं वाटायचं.

त्यानंतर पावसानं लागोपाठ दगा दिला. दुष्काळात पंपवाल्याचं काम वाढतं, हे लोकांना चटकन पटत नाही. पाणी तळाला गेलं की पंप पाण्याबरोबर वाळू आणि गाळही ओढतो, आणि पंखे झिजून जातात. लोकांच्या विहिरी आटत होत्या आणि माझी भट्टी आठवड्यातून दोनदा पेटत होती. याची थोडी लाज वाटायला हवी होती. मला वाटत नव्हती.

आमचं सगळं काम बिडाचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आता बीड नावाचं गाव आणि जिल्हाही आमच्या शेजारीच आहे, पण आमच्या धंद्यात त्यावरून कधी घोटाळा होत नाही. गावचं असेल ते बीडचं, लोखंडाचं असेल ते बिडाचं. पहिलीतलं पोरही यात चुकायचं नाही. मी चुकलो, आणि कसा चुकलो ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

अशा कोरड्या दिवसांत नांदेडहून एक ज्युनिअर इंजिनिअर माझ्याकडं आला आणि म्हणाला, “बोटीचा पंखा करून पाहिजे.” मी त्याला पाणी दिलं. अर्धा ग्लास, त्या वर्षी सगळीकडं अर्धाच द्यायचे. आणि विचारलं, “बोट चालवणार कुठं साहेब? टँकरात?”

तो हसला नाही. त्याच्या खात्याकडं धरणाच्या फुगवट्यात फिरण्यासाठी एक जेट बोट होती. गाळ मोजायला म्हणून आणलेली. दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि बाहेर लटकणारं पातं नाही. बोटीच्या पोटातला पंखा खालून पाणी ओढतो आणि मागच्या बाजूनं जोरात फेकतो, त्या धक्क्यानं बोट पळते. गुडघाभर पाण्यातही चालते, म्हणून फुगवटा आटल्यावरही तीच एक चालत होती. पलीकडच्या काठावर एक वस्ती होती. धरणानं तिचा जुना रस्ता गिळला होता आणि नवा रस्ता कागदावर होता. तिथली पाच मुलं मॅट्रिकला बसणार होती. वस्तीतून मॅट्रिकला बसणारी ही पहिलीच. परीक्षेचं केंद्र अलीकडच्या काठाला, आणि त्यांना रोज सकाळी या बोटीनंच आणायचं ठरलं होतं. कंपनीचा नवा पंखा यायला सहा महिने लागणार होते. परीक्षा महिन्यावर आली होती.

“पाचात एक आमच्या बोटवाल्याचीच मुलगी आहे,” इंजिनिअर म्हणाला. “तो रोज मला विचारतो, सायब, पंख्याचं काय झालं?”

त्यानं झिजलेला पंखा पोत्यातून काढला. अॅल्युमिनियमचा होता. पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या आणि पाठीला बारीक बारीक खड्डे. मी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसलो. खोटं कशाला सांगू, तसलं काम आयुष्यात पहिल्यांदा हाताला लागलं होतं आणि मला मनापासून आनंद झाला होता. पाणी इतक्या वेगानं कापलं जातं की पात्याच्या पाठीशी बुडबुडे धरतात आणि ते फुटताना धातूचा कण कण उपटून नेतात, हे मी डिप्लोमाला वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा.

मग आम्ही कशाचा करायचा यावर बोलत बसलो. अॅल्युमिनियम पुन्हा नको, ते हलकं आणि गुणी, पण वाळूपुढं टिकत नाही. स्टेनलेस स्टील सगळ्यात उत्तम. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला तेच शोभतं, पण ते ओतणारा आमच्या तीन जिल्ह्यांत कुणी नव्हता. राहिलं गनमेटल, म्हणजे तांब्यात कथील घालून केलेला पिवळा धातू, आणि आमचं बीड. गनमेटलचा गुण असा की ते सांगून मोडतं. खडा लागला तर पातं वाकतं, बोट थरथरायला लागते, चालवणाऱ्याला कळतं, तो सावकाश काठाला आणतो. ठोकून ते पुन्हा सरळ करता येतं. बीड कडक, वाळूला बऱ्यापैकी पुरून उरणारं. पण त्याला वाकणं माहीत नाही. ते सरळ तुटतं. शेतीपंपात बिडाचा पंखा वर्षानुवर्षं चालतो कारण तिथं ताकद पाच हॉर्सपॉवरची असते आणि विहिरीत गोटे येत नाहीत.

हे सगळं मीच त्या इंजिनिअरला सांगितलं, अगदी मास्तरासारखं. वर हेही सांगितलं की गनमेटलचं मोठं काम सुबक करणारा एक कारागीर बीडला आहे, त्याच्याकडून ओतून आणू. आणि फारच घाई असेल तर मी इथं बिडाचा करून देईन. तो म्हणाला, “वरच्या साहेबांना विचारतो आणि फोन करतो.”

चार दिवसांनी त्याचा ट्रंककॉल आला. फोन शेजारच्या अडत दुकानात होता. तिथं हमालांचा गलका, आणि लाइनीत असा खरखराट की पलीकडचा माणूस पत्र्यावर वाळू ओतत बोलतोय असं वाटावं. मला तुटक तुटक ऐकू आलं. “पंखा... नको... ऐकू येतंय का? बीडचा नको! बीडचा नको!” मी ओरडून म्हणालो, “हाव, हाव, समजलं!” आणि लाइन तुटली.

मला समजलं ते असं: वरच्या साहेबांना बीडचा कारागीर पसंत नाही. तुमच्याकडंच करा. मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, जिल्हा झाल्याचा हा फायदा! कालपर्यंत तालुक्याचं गाव म्हणून आम्हाला कुणी विचारत नव्हतं, आज नांदेडचे साहेब म्हणतात बीडचा नको, लातूरचाच हवा. आणि लातूरचा म्हणजे आमच्या हातचा, आणि आमचा हात बसलेला बिडावर.

माझ्या भट्टीवर ओतकाम बघायला एक मामा होते. माझे कुणी लागत नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. उदगीरच्या पलीकडचे, सीमेवरचे. एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही नांदायची. मी त्यांना काम समजावलं तेव्हा त्यांनी तो झिजका पंखा उलटा-सुलटा पाहिला, नखानं खड्डे चाचपले आणि म्हणाले, “बीड बेडा, मालक.”

बेडा म्हणजे कानडीत नको. आमच्याकडं एवढं कानडी भाजीवाल्यालाही येतं.

“नदीत गोटे असत्यात,” मामा म्हणाले. “गोट्याला बीड न्हाई चालत. मूस मांडू, गनमेटल गाळू. आपुन पंपाचे बारके बुश केलेत की त्याचे. ह्ये मोठं हाय, आठ दिस जास्ती लागतील.”

मी म्हणालो, “मामा, परीक्षा तोंडावर आली. आणि साहेबांनीच सांगितलंय.”

“सायबानं बीड करा म्हनलं?”

“बीडचा नको म्हणाले.”

मामांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं. त्यांच्या डोक्यात तेव्हाच काही चमकलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “मालक तुमी,” आणि साच्याची माती चाळायला गेले. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. कुणी शहाणपण शिकवलं की मी उलट दिशेला दुप्पट वेगानं चालू लागतो. पंखा बिडाचा झाला. काम मात्र देखणं झालं, लेथवर घासून, तोल साधून मी तो आरशासारखा गुळगुळीत केला. मधोमध ‘लातूर’ होतंच.

पंखा पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं नांदेडला पोचलो. इंजिनिअर नव्हता, त्याला टँकरच्या ड्युटीवर कुठं तरी पाठवलं होतं. धरणावर बोटवाला एकटाच होता. तो जातीनं भोई, पाण्यावर वाढलेला, काळा, सडसडीत, बोलायला कमी. त्यानं पंखा पोत्यातून काढला, पुसला आणि जरा थांबून म्हणाला, “शेठ, सायब तर पिवळा येनार म्हनले होते.”

मी म्हणालो, “साहेबांनी नंतर फोन केला.”

“हाव का? मग बरोबर असंल,” तो म्हणाला. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसावर त्यानं विश्वास ठेवला, यात त्याची काय चूक?

आम्ही पंखा बसवला आणि बोट पाण्यात घातली. काय पळाली! भेगाळलेल्या काठांच्या मधून तांबूस पाण्यावर ती अशी निघाली की मी लहान पोरासारखा ओरडलो. बोटवाला पहिल्यांदा हसला. म्हणाला, “आता पोरगी बसती परीक्षेला.”

पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं. मराठी आणि हिंदीचे पेपर नीट झाले. गणिताच्या दिवशी सकाळी पाणी आणखी उतरलं होतं. मधल्या उथळ पट्ट्यात बोटीनं खालून एक गोटा ओढला. धाडकन आवाज झाला, एक पातं तुटलं, त्या तुकड्यानं दुसरं तोडलं, आणि इंजिन ओरडत राहिलं पण बोट जागची हलेना. त्यानं बांबूनं रेटत रेटत ती चिखलापर्यंत आणली. मग पाच पोरं मांडीभर चिखलातून, कंपासपेट्या डोक्यावर धरून, काठाला आली आणि पळत सुटली. केंद्रावर पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन तास उलटला होता. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नाहीत. पाचही जणं फाटकाबाहेर उभी राहिली.

आठ दिवसांनी इंजिनिअर आणि बोटवाला तुटका पंखा घेऊन माझ्याकडं आले. इंजिनिअर दारातूनच कडाडला, “अहो, हे बीड आहे! मी फोनवर बोंबलून सांगत होतो, गनमेटलच करा, बिडाचा नको म्हणून!”

“तुम्ही बीडचा नको म्हणालात!”

“बीडचा नाही हो, बिडाचा!”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग त्याला हसू फुटलं, आणि मलाही. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. चहा मागवला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, कारण चूक खरखरणाऱ्या तारेची ठरली होती. आणि माझ्याही डोक्यावरचं, त्याच कारणानं. मामा भट्टीपाशी उभे होते, ते हसले नाहीत. बोटवाला दाराशी उकिडवा बसला होता. आमचं हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, “पोरायचा पेपर बुडला सायब.”

“ऑक्टोबरला बसतील रे,” इंजिनिअर म्हणाला.

“माजाच हात चुकला,” बोटवाला म्हणाला. “गोटा दिसाया पायजे होता मला. वस्तीत मी तसंच सांगितलं. लोकं बोलून राहिले, पर काय करता.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बाबा, तुझा हात चुकला नाही, गोट्यावरून गनमेटलचा पंखा वाकून का होईना तुम्हाला काठाला घेऊन गेला असता, एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “नवा करून देतो, गनमेटलचा. बीडहून आणतो.” यावर इंजिनिअर पुन्हा हसला.

त्यानंतरचे दोन महिने मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. अडत दुकानात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, सासुरवाडीत तर दोनदा सांगितला. बीडचा आणि बिडाचा म्हटलं की लोक पोट धरून हसायचे. सांगताना मी पाच पोरं हळूहळू गाळली. मामांचं ‘बेडा’ तर पहिल्या दिवसापासूनच गाळलं होतं. कारण ते आत आणलं की विनोद उरत नव्हता. तारेवर ऐकायला चूक झाली असेल, पण भट्टीपाशी, हाताच्या अंतरावर उभं राहून एका माणसानं मला कानडीत तेच सांगितलं होतं, आणि कानडी मला कळत होतं. बोटवाल्यानं पिवळा म्हटलं तेही मला कळलं होतं. मला आमचा पंखा त्या बोटीत फिरायला हवा होता. सोनारानं कान टोचावेत म्हणतात. माझे एकाला दोघांनी टोचून पाहिले होते.

बीडच्या कारागिराकडं गर्दी होती, पंखा हाताशी यायला मृग उजाडलं. तो घेऊन मी पुन्हा धरणावर गेलो. बोटवाल्यानं तो बसवला, आणि मुक्कामाला मला पलीकडं वस्तीत आपल्या घरी घेऊन गेला. वाटेत काठावर दोन माणसं भेटली. माझ्याशी रामराम झाला, त्याच्याशी नाही. त्यानं तिकडं पाहिलं नाही, बहुतेक सवय झाली असावी.

घरी त्याची मुलगी गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. चहा दिला, बापाशी एक शब्द बोलली नाही. मग तिनं मला विचारलं, “काका, नवा पंखा पिवळा आणला म्हणतात, तो का? आधीचा तर काळा होता.”

“तो बिडाचा होता,” मी म्हणालो.

“मग हा तसाच का नाही केला?”

प्रश्न अगदी सरळ होता. शाळेत विचारावा तसा. बोटवाला म्हणाला, “गप, पावण्याला तरास देऊ नको.” ती माझ्याकडंच बघत होती. आणि मला त्या क्षणी तो विनोद सांगता येईना. मी सुरुवात केली, फोन आला म्हणालो, आणि अडखळलो. मग सगळंच सांगितलं, मामांसकट. बिडाचा पंखा त्या पाण्यात आज ना उद्या तुटणारच होता, चालवणारा कुणीही असो, आणि ते मला माहीत होतं.

बोटवाला खाली मान घालून ऐकत होता. मुलीनं पुस्तक मिटलं. म्हणाली, “दोन महिने झाले, मी ह्याच्याशी बोलत नाही. पूर्ण वस्ती बोलत नाही. तुम्ही तवाच का नाही सांगितलं?”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“मला सांगून काय होतंय? चला.”

तिनं मला घराबाहेर काढलं. बाप नको नको म्हणत मागं आला. राहिलेल्या चार घरांत मला तेच बोलायचं होतं. पहिल्या घरात मला तिनंच कोपरानं ढोसलं. तिथला म्हातारा ऐकून बोटवाल्याकडं वळला आणि म्हणाला, “अरे मग तू कशाला घेतलंस रं आंगावर?” दुसऱ्या घरात शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या घरात बोटवाल्याला आत बोलावून पाट दिला, मी बाहेर उभा राहिलो. मला वाईट वाटलं नाही. उलट पायातलं ओझं कमी होत चाललं होतं, आणि चौथ्या घराकडं मी जरा ताठच चालत गेलो, हे कबूल करतो.

चौथं घर बोटवाल्याच्या मुलीच्या मैत्रिणीचं. गणितात पाचांत सगळ्यात हुशार तीच, असं ती वाटेत म्हणाली होती. अंगणात मैत्रिणीची आई शेळीपुढं पाला टाकत होती. मी सगळं सांगितलं. आता ते मला नीट सांगता यायला लागलं होतं.

“तुमाला हे कवा कळलं?” तिनं विचारलं.

“पंखा तुटल्यावर आठ दिवसांत.”

“आमची पोरगी वैशाखात दिली,” ती म्हणाली. “मी म्हनत होते, ऑक्टोबरला बसू द्या. तिचा बाप म्हनला, पुन्ना हाच बोटवाला, पुन्ना गोट्यावर घालील, कशाला ठेवता घरात. मला काय बोलता आलं न्हाई. माज्याजवळ बोलाया कायच नव्हतं.”

तिनं हातातला पाला खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

“मग आता सांगून राहिले, ते कोनासाठी सांगून राहिले?”

बोटवाल्याची मुलगी माझ्या मागून म्हणाली, “माझ्या बापासाठी, काकी.”

मैत्रिणीची आई दाराकडं वळली, बोटवाल्याला म्हणाली, “दादा, आत या,” आणि तिघं घरात गेली.